असईचा उतार

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय कळवा म्हणून मंडळाकडून निरोप आला, तेव्हा मी "असई" एवढा एकच शब्द कळवला. संध्याकाळी कार्यवाह ताईंचा पुन्हा फोन. म्हणाल्या, "बाई, लढाईवर बोलणार? वर्धापनदिनाला हळदीकुंकू ठेवले आहे, बायका घरचे सगळे उरकून, दमूनभागून येतील. त्यांना तोफाबंदुकांत कसली गोडी!" मी म्हटले, तोफा येतील, पण दाराबाहेरून निघून जातील. मला बोलायचे आहे ते असई या गावाबद्दल. तिथली माणसे कोण, ती कोठून आली, आणि कागदावर त्यांची नोंद कशी झाली किंवा झालीच नाही, एवढेच. समोर घड्याळ आहे. लांबले तर खुशाल खुणावावे. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे बोलत राहण्याची वाईट खोड जडली आहे, हे मी आधीच कबूल करते.

असई आपल्या जालना जिल्ह्यातले, भोकरदनच्या पूर्वेकडचे एक लहानसे खेडे. एका अंगाला केळणा नदी, दुसऱ्या अंगाला जुई. दोन्ही नद्या पूर्वेकडे वाहत जाऊन एकमेकींना मिळतात आणि त्यांच्यामधली जमीन गाईच्या जिभेसारखी निमुळती होत जाते. त्या जिभेच्या वरच्या कडेला, जुईच्या काठी असई वसले आहे. काळी जमीन, बाभळी, ज्वारी, कापूस, हल्ली सोयाबीन आणि मका. आपल्यापैकी पुष्कळजणींची माहेरे अशाच गावांत आहेत, तेव्हा वर्णनात वेळ घालवत नाही.

मात्र या खेड्याचे नाव लंडनपर्यंत पोचले आहे. आपल्या भारतीय सैन्यातल्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर एक हत्ती असतो. त्याला "असईचा हत्ती" म्हणतात. दक्षिणेकडचा कोणी जवान, ज्याने आपला जिल्हा नकाशावरही पाहिलेला नसेल, तो आपल्या या गावाची खूण अंगावर वागवतो. नेपोलियनला १८१५ साली वॉटर्लूवर हरवणारा इंग्रज सेनापती वेलिंग्टन, त्याला म्हातारपणी कोणी विचारले, की तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती? तो वॉटर्लू म्हणाला नाही, असई म्हणाला, असे सांगतात. असई! आणि आपण जालन्याच्या बायका. आपल्यापैकी असई पाहिलेल्या कितीजणी आहेत, असे मी आताच हात वर करायला सांगितले असते तर किती हात वर झाले असते? मी स्वतः वयाची पन्नाशी उलटेपर्यंत गेले नव्हते, म्हणून कोणाला नावे ठेवत नाही.

लढाई थोडक्यात सांगून टाकते. दुसऱ्या बाजीराव पेशव्याने १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईला इंग्रजांशी तह केला आणि तो शिंदे-भोसल्यांना मानवला नाही. १८०३ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. इंग्रजांकडचा सेनापती आर्थर वेलस्ली, हाच पुढे वेलिंग्टन झाला. तेव्हा त्याचे वय चौतीस आणि थोरला भाऊ कलकत्त्याला गव्हर्नर जनरल. ऑगस्टात त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला. सप्टेंबरच्या आरंभी त्याचा जोडीदार कर्नल स्टीव्हन्सन याने आपले जालना घेतले. २१ सप्टेंबरला दोघे बदनापूरला भेटले. होय, आपण संभाजीनगरला जाताना चहाला थांबतो तेच बदनापूर. दोघांनी दोन वाटांनी जाऊन २४ तारखेला मिळून हल्ला करायचा, असे ठरले. परंतु २३ ला नळणीजवळ पोचल्यावर वेलस्लीला कळले, की मराठ्यांचा तळ अगदी हाकेच्या अंतरावर, केळण्यापलीकडे पडला आहे. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने त्याच दिवशी लढायचे ठरवले.

पलीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची एकत्र फौज होती. कवायती पायदळ सुमारे दहा हजार, घोडदळ त्याच्या कितीतरी पट, शंभराच्या आसपास तोफा. पायदळाचा मुख्य पोलमन नावाचा जर्मन मुलखातला गोरा. त्या फौजेत एका बाईच्याही पलटणी होत्या बरे! मीरतजवळच्या सरधन्याची जहागीरदारीण बेगम समरू, तिचे शिपाई येथे केळण्याकाठी उभे होते, आणि बाकीच्यांची दाणादाण उडाली तरी त्या पलटणी शिस्तीने माघारी गेल्या. वेलस्लीजवळ प्रत्यक्ष लढणारे साडेचार हजार, त्यांत स्कॉटलंडचे डोंगरी शिपाई, मद्रासकडचे देशी शिपाई, आणि शिवाय म्हैसूरचे व पेशव्यांचे घोडेस्वार. सांगायचे एवढेच, की त्या दिवशी त्या जिभेएवढ्या जमिनीवर स्कॉटलंडपासून मीरतपर्यंत आणि मद्रासपासून नागपूरपर्यंतची माणसे जमली होती. नाना भाषा. असईकरांची मराठी तेवढी त्या गलबल्यात कोणाच्या कानी पडली नसेल.

आता माझा खरा विषय. केळणा मध्ये आडवी. पावसाळ्याच्या अखेरीची नदी, दोन्ही काठ उंच. मराठ्यांनी समोरचा उतार रोखून धरलेला. वेलस्लीने वाटाड्यांना विचारले, दुसरीकडे कोठे उतार आहे का? वाटाडे म्हणाले, नाही. मग त्याने दुर्बिणीतून पाहिले. खालच्या अंगाला नदीच्या अलीकडच्या काठी एक गाव दिसले, पिंपळगाव. आणि त्याच्या बरोबर समोर, पलीकडच्या काठी दुसरे, वरूड. त्याने मनाशी म्हटले, दोन गावे नदीच्या दोन काठांवर इतकी समोरासमोर, इतकी जवळ बांधतात ती माणसे एकमेकांकडे जातयेत नसतील हे शक्य नाही. तेथे उतार असलाच पाहिजे. त्याने फौज तिकडे वळवली. उतार होता. फौज पार झाली, आणि संध्याकाळपर्यंत लढाईचा निकाल लागला. इंग्रजांची दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली, म्हणजे लढलेल्यांतले तिघांत एक. मराठ्यांच्या अठ्ठ्याण्णव तोफा गेल्या आणि बाराशे माणसे रणात पडली, असा वेलस्लीचा अंदाज. गावाच्या मातीच्या तटाआडून मराठ्यांनी जो मारा केला, त्यात स्कॉटलंडची एक पलटण जवळजवळ कापली गेली.

पुस्तकांत या उताराबद्दल वेलस्लीच्या बुद्धीची वाहवा असते. असावी. त्याने तर्क नेमका केला. पण भगिनींनो, मला तो प्रसंग वाचताना दरवेळी हसू येते. जे एका सेनापतीला दुर्बीण लावून, तर्क चालवून शोधून काढावे लागले, ते वरूडच्या आणि पिंपळगावच्या प्रत्येक बाईला ठाऊक होते! वाटाडे नाही म्हणाले, ते अज्ञानाने की मुद्दाम? मला तर वाटते, मुद्दामच. परक्या फौजेला आपल्या लेकीबाळींची वाट कोण दाखवील?

उतार कसा असतो ते मी लहानपणी पाहिले आहे. माझे माहेर केळण्याच्या अलीकडच्या तीरावरचे, आणि माझी आत्या पलीकडच्या एका वाडीवर दिलेली. पूल नव्हता. नागपंचमीला तिला आणायला वडील गाडी जुंपत आणि मी गाडीत बसून जाई. काठावर आले की वडील पलीकडच्या बाईमाणसाला हाक देत, "पाणी कुठवर?" तिकडून उत्तर येई, "पोटरीभर." कधी "गुडघाभर." "मांडीभर" म्हटले की बैल सोडून वाट बघायची, आणि "कमरेला लागतंय" म्हटले की गाडी माघारी. नदीचे माप बायकांच्या अंगावर होते. पुरुष का सांगत नसत? कारण सकाळी पाण्याला, दुपारी धुण्याला, संध्याकाळी पुन्हा पाण्याला नदीत उतरणारे पाय बायकांचे. कोठे वाळू ओढते, कोठे खडक लागतो, पहिल्या पुरानंतर उतार किती हात सरकला, हे त्यांच्या तळपायांना कळे. आत्या म्हणायची, "दादा, औंदा उतार चिंचेखाली आलाय, तिथून घाल." आणि चिंचेखालूनच गाडी पार होई.

आता या उतारावरून कोण जात असे ते पाहा, म्हणजे खेड्याची लोकसंख्या कशी बनते ते कळेल.

आपल्याकडचे लहान खेडे बहुधा एका भावकीचे असते. एकदोन आडनावांची घरे निम्म्याहून जास्त. भोवती माळी, धनगर, मुसलमान, महारवाडा, मांगवाडा, एखादे सुताराचे, एखादे न्हाव्याचे घर, बाहेर तांडा. गावाचा इतिहास विचारा, पुरुष सांगतात, "आमचा मूळपुरुष अमुक ठिकाणाहून आला, त्याने गाव वसवले, आम्ही सात पिढ्या इथलेच." खरे आहे. पण सात पिढ्या इथलेच असलेले म्हणजे फक्त पुरुष. भावकीत सोयरीक होत नाही, म्हणून गावातली लग्न झालेली जवळजवळ प्रत्येक बाई बाहेरून आलेली, आणि गावात जन्मलेली जवळजवळ प्रत्येक मुलगी बाहेर गेलेली. मुसलमानांत घरातल्या घरात लग्ने होतात, तेथे हे थोडे कमी. एरवी कोणत्याही खेड्यातली मोठ्या माणसांतली अर्धी वस्ती ही दुसऱ्या गावांची असते. ती एका उतारावरून येते आणि दुसऱ्या उतारावरून आपल्या लेकी पाठवते.

हे मी मनाचे सांगत नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात एका जागेहून दुसऱ्या जागी राहायला गेलेली माणसे पंचेचाळीस कोटींहून अधिक भरली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया, आणि स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण लग्न. आपण स्थलांतर म्हटले की मुंबईला गिरणीत गेलेला तरुण आठवतो, नाहीतर परदेशी गेलेला इंजिनियर. पण सर्वांत मोठे स्थलांतर आपण सगळ्यांनी केले आहे, आणि एका ट्रंकेनिशी केले आहे. त्याला कोणी स्थलांतर म्हटले नाही. मांडवात वाजंत्री वाजली, एवढेच.

म्हणून मी म्हणते, वरूड आणि पिंपळगाव यांच्यामधला तो उतार हाच त्या गावांचा इतिहास. ती गावे समोरासमोर वसली आणि टिकली, याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या तेथून बायका, बैल, बी-बियाणे, बाळंतविडे आणि मयताचे निरोप जातयेत राहिले. फौज एक दिवस गेली.

फौजेनंतर काय झाले? १८०३-०४ साली दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. पाऊस कमी, त्यात होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्यांनी मुलूख आधीच लुटलेला. लढाईच्या वृत्तांतांत तोफा नगानिशी मोजल्या आहेत, पडलेले घोडेसुद्धा मोजले आहेत. असईच्या घरांची, कणगींची, विहिरींची मोजदाद त्यांत नाही. पण आपण शेतकऱ्यांच्या लेकी आहोत. चाळीस-पन्नास हजार माणसे आणि तितकीच जनावरे एखाद्या मुलखात तळ देऊन बसली, तर उभ्या ज्वारीचे काय होते, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. डिसेंबरच्या अखेरीस सुर्जी-अंजनगावचा तह झाला. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडचा शिंद्यांचा मुलूख, त्यात आपले जालनाही, इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी तो निजामाला देऊन टाकला. गावकऱ्यांना कोणी विचारले नाही. पुढे १८२७ साली जालन्याला छावणी बांधली गेली, १९०३ मध्ये ती उठली. आजही म्हातारी माणसे "छावणी" म्हणतात ती हीच.

तसे पाहिले तर हा भाग काही काल वसलेला नाही. भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. सांची आणि भरहूतच्या स्तूपांवर ज्यांनी दाने दिली त्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचे उल्लेख आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या तालुक्याच्या गावातून माणसे माळव्यापर्यंत जात होती, आणि दगडावर आपले व आपल्या गावाचे नाव घालून घेत होती. अशा दान देणाऱ्यांत त्या काळी स्त्रियाही पुष्कळ असत. १९७० नंतरच्या काही वर्षांत भोकरदनला उत्खनन झाले, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक नमुना मिळाला. तशीच मूर्ती इटलीतल्या पाँपेई गावी, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या घरात सापडलेली आहे. आपल्या केळण्याकाठची कारागिरी समुद्रापार पोचली असावी, असा विद्वानांचा कयास. मला त्या मूर्तीपेक्षा शिलालेखांचे अधिक कौतुक वाटते. नाव आणि गाव! दोन हजार वर्षांपूर्वी बायका ते दगडावर कोरून घेत होत्या, आणि १९५१ साली ते कागदावर सांगायला लाजल्या. ती गोष्ट पुढे सांगते.

आधी माणसे कमीजास्त कशी होत गेली ते थोडे. देशभर एका वेळी शिरगणती प्रथम झाली ती १८८१ साली, आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानातही पहिली गणती तीच. त्यानंतर १९०० च्या सुमाराचा छप्पनचा दुष्काळ, प्लेग, आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, जिला आपल्या आज्या मानमोडी म्हणत. १९२१ च्या गणतीत सबंध देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. तसे त्यानंतर पुन्हा कधी झाले नाही. आमच्या घरात पणजीची एक बहीण होती, तिचे सासरचे सात जण एका महिन्यात गेले. ती उतारावरून एकटी परत माहेरी आली आणि मरेपर्यंत तेथेच राहिली. तिला सगळे "वरच्या आक्का" म्हणत. तिचे खरे नाव मला आजतागायत कळलेले नाही, आणि सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

मग आला १९४८ चा काळ. रझाकारांच्या भीतीने सीमेवरच्या गावांतून लोक रात्री बायकामुले घेऊन वऱ्हाडात जात. आई सांगे, पीठ मळलेले परातीत तसेच ठेवून निघालो, आणि सप्टेंबरात पोलिस अॅक्शन झाल्यावर परत आलो तो परात तेवढी जागेवर होती. मात्र आमच्या शेजारची मुसलमान कुटुंबेही नंतर काही दिवस भेदरून गेली होती, आणि आईने त्यांच्या दोन मुलींना आमच्या माळवदावर निजवले होते, हेही तीच सांगे. दोन्ही सांगितल्यावाचून ती गोष्ट पुरी करत नसे.

माझ्या आत्याची तर गंमतच. बाई लग्न होऊन त्या वाडीवर आली ती मरेपर्यंत एका घरात राहिली. पण आली तेव्हा निजामाचे संस्थान, मग भारतातले हैदराबाद राज्य, १९५६ मध्ये मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. जिल्हा औरंगाबाद होता, १ मे १९८१ ला जालना झाला. म्हणायची, "मी उंबरा ओलांडला नाही, सरकारंच दारावरनं जातात." आमच्या इतिहासाच्या पुस्तकापेक्षा हे वाक्य मी वर्गात जास्त वापरले.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना सांगायला नको. खडी फोडली, लाल मिलो खाल्ली, सुकडीसाठी ताटल्या घेऊन रांगा लावल्या. रस्त्याच्या कामावर निम्म्या आणि कोठे निम्म्याहून जास्त बायका असत. आज भोकरदन-जाफराबादकडे मोटारीने जाताना ज्या सडका लागतात, त्यांतल्या कित्येकींच्या खाली त्यांनी फोडलेली खडी आहे. त्यानंतर माणसे गावाबाहेर पडू लागली ती थांबली नाहीत. कोणी ऊस तोडायला, कोणी वाळूजच्या कारखान्यांत, कोणी येथे जालन्यात लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये, नाहीतर बियाण्यांच्या कंपन्यांत. "जालना सोने का पालना" म्हणतात ना! पाळणा हलवणारे हात मात्र खेड्यातून आलेले. आता नद्यांवर पूल झाले. उतार कोठे होता ते पोरांना दाखवावे लागते.

पूल झाले हे फार चांगले झाले. पूर आला म्हणून अडलेली बाळंतीण काठावर दगावल्याचे मी पाहिले आहे, तेव्हा जुन्या उताराचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. माझी तळमळ दुसरी आहे.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी देशभर मतदारयाद्या झाल्या. नोंद करणारा दारात आला की पुष्कळ बायका आपले नाव सांगत ना. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगत. उत्तरेकडच्या प्रांतांत हे फार झाले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी सांगितले, नावावाचून मतदार नाही. सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नोंद त्यामुळे रद्द झाली. अठ्ठावीस लाख! पुष्कळांनी तेव्हा त्यांना कठोर म्हटले. मला ते बरोबर वाटतात, कारण पुढच्या निवडणुकीला बायका नावे सांगू लागल्या.

२०११ च्या गणतीच्या वेळची माझ्या घरची गोष्ट. माझी नणंद शेतावर राहते. पहाटे चारला उठून दोन म्हशी पिळते, सहा एकरांत निंदणी-खुरपणी, कापसाची वेचणी, सगळे करते. गणती करणारे गुरुजी आले. "बाई काय करतात?" नंदेच्या यजमानांनी सांगितले, "काही नाही, घरीच असते." ती त्या वेळी डोक्यावर गवताचा भारा घेऊन अंगणात शिरत होती! मी तेथे बसले होते. गुरुजींना म्हटले, "लिहा, शेतकरी." ते हसले आणि लिहिले. पण जेथे मी बसलेली नव्हते, तेथे काय लिहिले गेले असेल?

त्याच गणतीत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार ४६ भरली. हजार पुरुषांमागे ९३७ स्त्रिया. महाराष्ट्राचा आकडा ९२९, म्हणून आपण थोडे बरे, असे समाधान मानून घ्यावे तर सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आकडा पाहा. हजार मुलांमागे ८७० मुली. सबंध महाराष्ट्रात ८९४. म्हणजे गावातून उतारावरून जाणाऱ्या लेकी जन्मालाच येऊ दिल्या गेल्या नाहीत. वेलस्लीच्या बाराशेंचा अंदाज दोनशे वर्षे छापला जातो. या मुलींचा कोणी वृत्तांत लिहिलेला नाही, कारण या कोणत्या लढाईत पडलेल्या नाहीत. आपल्या घराघरांत, बंद दाराआड, कधी आपल्याच सासवांच्या आणि आपल्याच संमतीने हे झाले आहे. मला हे हळदीकुंकवाच्या दिवशी बोलणे जड जाते, पण गावाच्या लोकसंख्येवर बोलायला उभी राहून हे वगळले असते तर त्या वाटाड्यांसारखी मीही खोटे बोलले असते, आणि तेही परक्यांशी नव्हे.

२०२१ ची गणती कोरोनामुळे राहिली. आता २०२७ साली करण्याचे सरकारने जाहीर केले आहे. १९३१ नंतर प्रथमच सर्वांच्या जातींचीही नोंद होणार आहे. त्यावर पुरुष मंडळी पारावर पुष्कळ बोलत आहेत. बोलोत. दारात कोणी आले, तर आपले नाव, आपला जन्माचा गाव आणि आपण करतो ते काम, हे तीन रकाने आपण स्वतः उभे राहून सांगायचे. आतून ओरडून सांगायचे नाही. बाहेर यायचे.

सरकारी गणतीत जे मावत नाही, त्यासाठी मी मंडळाला एक विनंती केली होती आणि ती मान्य झाली, याबद्दल कार्यकारिणीची आभारी आहे. मंडळाने एक मोठी दोनशे पानी वही घेतली आहे. तिच्यात प्रत्येकीने आपले एक पान लिहायचे. आपले माहेरचे नाव, आईचे नाव, आईचे माहेर, आजीचे नाव, आजीचे माहेर. जेवढे मागे जाता येईल तेवढे. मग माहेरच्या गावाला कोणती नदी, कोठे उतार होता, पाणी कोठून आणत, पूल केव्हा झाला. गाव कोणी वसवले हे लिहू नका, ते सांगायला पुरुष आहेत. मुसलमान भगिनींनी उर्दूत लिहिले तरी चालेल, मी वाचून घेईन, मला निजामाच्या शाळेतल्या वडिलांनी शिकवले आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, शाळेतल्या मुली लिहून घेतील.

पहिले पान मी लिहिले आहे. आत्याचे नाव, तिचे माहेर, चिंचेखालचा उतार. पणजीच्या बहिणीसाठी एक ओळ मोकळी सोडून पुढे "वरच्या आक्का" असे लिहिले आहे. आपल्यापैकी केळण्याकाठच्या कोणाच्या घरी ते नाव कोणाला आठवत असले, तर ती ओळ भरून द्यावी.

वही खिडकीजवळच्या मेजावर, वाणाच्या ताटाशेजारी आहे. पेन दोऱ्याने बांधले आहे, मागल्या वर्षी तिळगुळाच्या दिवशी तीन पेने गेली म्हणून.